पासलीच्या लग्नातला कर्णा

ही वही कुणासाठी लिहीत नाही, तरी चुकून कुणाच्या हाती पडलीच तर आधीच माफी मागून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांट्या आणि उकार माझ्या हातून कधीच जागेवर बसले नाहीत, आणि आता हात कापतो म्हणून ओळ डावीकडून निघते ती वर चढत जाते. वाचणाऱ्यानं मान तिरकी करून वाचावं. चारचौघांत बोलायची मला पहिल्यापासून भीती, म्हणून जे बोलले नाही ते इथं लिहिते. निमित्त असं झालं, की परवा नातू त्याच्या वाजवायच्या यंत्राची तार स्वतः तयार करत बसला होता. दोन तारा, दोन्ही एकाच रंगाच्या, आणि या टोकाची कुठली तर त्या टोकाची कुठली हे त्याला कळेना. मी त्याच्याशेजारी वाटाणे सोलत होते. त्याच्या हातातलं टोक मी घेतलं आणि नकळत तोंडाकडं नेलं. तो एवढा दचकला की वाटाण्याचं ताट उलटलं. म्हणाला, आजी, खायची आहे का ती? मी सांडलेले वाटाणे गोळा केले. पण दिवसभर जिभेवर ती आंबट चव होती.

आईवडील तापाच्या साथीत एकाच पावसाळ्यात गेले आणि मला पासलीहून भोरला दत्तूमामांच्या घरी आणलं. मामांना मूलबाळ नव्हतं. घर नदीच्या बाजूला होतं, दोन खोल्या, पुढं ओटी, मागं परसात शेवग्याचं झाड. घरात सगळ्यात मोठा आवाज मुसळाचा. मामी लोकांचे पोहे कांडून द्यायच्या, आणि भिजवलेल्या, भाजलेल्या भाताचा तो खमंग वास माझ्या केसांतसुद्धा बसलेला असे. शाळेत मुली मला पोहेवाली म्हणत. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, रात्री आंबेमोहराच्या कण्यांची पेज. मामी फार बोलायच्या नाहीत. मीही नाही. मामा म्हणायचे, या घरात बोलायला एक यंत्रच आणावं लागलं.

ते यंत्र म्हणजे कर्णा. गावोगाव सिनेमा दाखवणाऱ्या एका माणसाचा तंबूचा धंदा बसला, तेव्हा मामांनी आपल्या वाटणीचं भाताचं खाचर भावाला देऊन त्याच्याकडून तो घेतला होता. एक लाकडी पेटी, एक पितळी भोंगा, आणि बोलायचं ते गोल डबडं. लग्नात, जत्रेत, भजनाला मामा तो भाड्यानं न्यायचे. बैलगाडी हुसेनचाचांची. चाचा आमच्या आळीतले, एके काळी बँडात सनई वाजवायचे. दात गेले म्हणून सनई सुटली होती. पेटीच्या आत काचेचे चार दिवे होते, लसणाच्या गड्ड्याएवढे. यंत्र चालू झालं की ते निखाऱ्यासारखे अगदी मंद लागायचे. त्या चार दिव्यांवर आमचं घर चालत होतं. लढाईचे दिवस होते, तसले दिवे पुण्यातसुद्धा मिळत नव्हते. म्हणून मामा पेटी उघडली की आधी हात जोडायचे.

यंत्राला दोन बॅटऱ्या लागत. एक ओली, काचेच्या भांड्यात तेजाब असलेली. ती दिव्यांना हलकी ऊब द्यायची. दुसरी कोरडी, विटांची चळत असावी तशी. तिचा जोर मोठा, आवाज तिच्यावर निघायचा. मामांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ओलीची वाट दिव्यात जाती, कोरडीची आवाजात. कोरडी जर का दिव्यात शिरली, तर डोळा लवायच्या आत चारी दिवं जळून जात्यात." तेजाबानं कपडे जळतात म्हणून बॅटऱ्या गाडीतच ठेवायच्या आणि तिथून मांडवातल्या पेटीपर्यंत चार तारांचा लांब दोर न्यायचा. तो जुना दोर उंदरांनी कुरतडला. तयार मिळेना. शेवटी मामांनी कुठून तरी काळ्या सुती वेष्टणाच्या तारेचं वेटोळं आणलं, तिचे चार सारखे तुकडे केले, आम्ही तिघांनी वेणी घालावी तशा त्या पिळल्या आणि वर चिंध्यांच्या पट्ट्या गुंडाळल्या. दोर झाला छान. पण आता चारी टोकं काळी, दोन्हीकडं. कुठली कुणाची जोडीदार?

त्याची रीत मामांनी काढली होती. विजेरीतले दोन सेल घ्यायचे. विजेरीचा बल्ब केव्हाच गेला होता आणि नवा मिळत नव्हता, म्हणून बल्बाचं काम माझ्या जिभेला. दोर घरातून आरपार ताणलेला, मामा परसात शेवग्याखाली, मी ओटीवर दाराच्या आड. परतीसाठी एक सुटी तार वेगळी टाकलेली. मामा तिकडं एका टोकाला सेल लावायचे आणि मी इकडं ती सुटी तार आणि दोरातली एकेक तार जिभेवर ठेवून बघायची. जोडीची नसली तर नुसतं तांबं, थंड. जोडीची असली की चिंच लागल्यासारखी जीभ आखडायची. "आता?" "न्हाई." "आता?" "न्हाई." "आता?" "आंबट!" तेवढ्या एका कामात मी मोठ्यानं बोलायची. हुसेनचाचा ओटीसमोर विडी ओढत बसायचे. म्हणायचे, "दत्तोबा, सोनाराकडं कसोटीचा दगड, आपल्याकडं यमीची जीभ. दगड गप ऱ्हातो म्हनत्यात, ही त्याच्यावर कडी हाय." भोंग्याच्या आणि डबड्याच्या ताराही आम्ही अशाच लावल्या. पण तिथं चूक झाली तर नुसता आवाज निघत नाही. या दोरात चूक चालणार नव्हती.

जोड्या सापडल्या की दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा बांधायचा. रंग विकत कुठला आणणार. मामींनी वाटीत हळद कालवली आणि त्यात सूत बुडवलं. तो पिवळा, कोरड्या बॅटरीचा. उरलेल्या हळदीत बोटभर चुना घातला, की क्षणात ती लाल झाली. त्यात बुडवलेला तांबडा, ओल्या बॅटरीचा. परतीच्या दोन तारांना एक काजळाचा आणि एक कोरा पांढरा. एका वाटीतून दोन रंग निघाले म्हणून मामी त्या दिवशी जरा हसल्या होत्या. दोऱ्याला पाणी लावू नका, एवढंच त्या म्हणाल्या. पाण्याचं आम्ही सांभाळलं.

त्या वर्षीच्या लग्नसराईचे इसार मामांनी आधीच घेतले होते, आणि त्या पैशांतून नवी कोरडी बॅटरी आणली होती. पहिली दोन लग्नं नीट पार पडली. तिसरं पासलीला, खंडूतात्यांच्या लेकीचं, चंद्राचं. तात्या गावातले जाणते माणूस, उंच, कमी बोलणारे. चंद्रा आणि मी लहानपणी एका बांधावर खेकडे धरलेले. तात्या इसार द्यायला स्वतः भोरपर्यंत चालत आले होते आणि ओटीवर बसून म्हणाले होते, "माज्या चंद्रीचं लगीन समद्या मावळाला ऐकू गेलं पायजे." मामी सहसा कुठं जात नसत, पण माझा गाव म्हणून मला धाडलं. चाचा, मामा आणि मी, गाडीत गवताच्या गादीवर बॅटऱ्या. नसरापूरपर्यंत रस्ता बरा होता. वेल्ह्याच्या पुढं दगडच दगड. गाडी अशी आदळे की ओल्या बॅटरीतलं तेजाब बुचाबाहेर उसळे. त्याचा वास नाकात बसला होता. दोराचं वेटोळं त्या बॅटरीच्या अंगालाच टेकून ठेवलं होतं. आम्ही भोंगा सांभाळत होतो, कारण तो पितळी होता आणि दिसत होता.

पासलीला पोचलो तर माणूस मावत नव्हतं. कर्णा बघायला वेल्ह्याकडून, केळदकडून लोक आलेले. लग्न गोरज मुहूर्तावर. मामांनी पेटी मांडवात ठेवली, दोर गाडीपर्यंत ओढला, आणि मी बॅटऱ्यांशी बसून टोकं सोडवू लागले. काळ्या दोऱ्याचं सापडलं. पांढऱ्याचं सापडलं. उरलेल्या दोन्ही टोकांना पिवळा दोरा होता.

मी तशीच बघत राहिले. मांडवाकडच्या टोकाला एक पिवळा आणि एक तांबडा होता, ते येतानाच मी पाहिलं होतं. इकडं दोन पिवळे. मी मामांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. मामांनी टोकं उचलली, पुन्हा खाली ठेवली. सूर्य डोंगरामागं गेला होता. भटजी डबड्यापुढं उभे राहून ते कुठून बोलतं हे बघत होते. मी हळूच म्हणाले, मामा, जीभ लावून बघते. सेल होतेच बरोबर. मामांनी होकाराची मान हलवली आणि सेल काढायला खिशात हात घातला. तेवढ्यात तात्या जवळ आले. काय खोळंबा झाला म्हणून विचारलं. मामांनी सांगितलं, पोरगी तारेला जीभ लावून जोडी ओळखती, पळभराचं काम हाय.

तात्या माझ्याकडं बघून सौम्यपणे म्हणाले, "बाळ, घरात काय बी कर. पन ह्या तारंतनं मंगलाष्टका जायाच्यात. उष्टी तार कशी चालंल?"

भोवती बायका उभ्या होत्या, त्यांनी माना डोलावल्या. आज कुणी याला हसेल. तेव्हा कुणालाच ते चूक वाटलं नाही, मलाही नाही. आडोशाला नेऊन बघावं तर दोराचं एक टोक गाडीत आणि दुसरं मांडवात, मधे सगळं गाव.

मामा गाडीच्या चाकाशी उकिडवे बसले. विचार पडला की ते तंबाखू काढायचे. डाव्या तळव्यावर तंबाखू, नखानं चुना, आणि अंगठ्यानं मळत राहायचं. मळून तोंडात टाकली आणि म्हणाले, धूळ बसली असंल वाटंत, पुसून बघू. मग दोन्ही टोकं घेऊन त्यांनी ते दोरे अंगठ्यानं चोळले, आधी एक, मग दुसरा. पहिला पिवळा तो पिवळाच राहिला. दुसरा त्यांच्या बोटांत बघता बघता लाल झाला, विड्यानं ओठ रंगावा तसा. एका म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, "कौल दिला, देवानं कौल दिला." मामांच्या चेहऱ्यावर असं समाधान दिसलं की मीही श्वास सोडला. लाल झालेली तार त्यांनी ओल्या बॅटरीला लावली, पिवळी राहिलेली कोरडीला, आणि मांडवात जाऊन पेटीचा खटका दाबला.

ते दिवे मी शेकडो वेळा लागताना पाहिले होते. असे कधीच नाही. चारी एकदम पांढरेशुभ्र पेटले. अंतरपाटावर, चंद्राच्या मुंडावळ्यांवर, भटजींच्या उघड्या तोंडावर तो उजेड पडला. भोंग्यातून एकच आवाज आला, कुणी बाहेरून दारावर एकदा थाप मारावी तसा. मग काळोख आणि जळका वास. मामा पेटीवर हात ठेवून उभे होते. तो हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

लग्न लागलं. भटजींनी घसा ताणून मंगलाष्टका म्हटल्या, मागच्यांना ऐकू गेल्या नाहीत, त्यांनी भलत्याच वेळी अक्षता टाकल्या. नवऱ्याकडच्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या. लग्नात चार दिवे विझले, हे बोलून दाखवायची गरज नव्हती. तात्यांनी आम्हाला पंगतीत स्वतः वाढलं, भात, वरण, लापशी, वर तुपाची धार. पण आमच्याकडं बघितलं नाही. चंद्रानं निघताना माझा हात धरला. तिचा हात गार होता. ती काही विचारणार होती, पण तिला पुढं नेलं.

भोरला आम्ही पोचण्याआधी बातमी पोचली होती. दत्तूचा कर्णा लग्नात दिवे विझवतो. दिवे नसलेली पेटी तशीही कुणाच्या कामाची नव्हती, पण लोक आले ते कर्णा बिघडला म्हणून नव्हे. ओटीवर चढायचे नाहीत, अंगणात उभे राहून इसार परत मागायचे. मामा हात जोडून मुदत घ्यायचे. पितळी भोंगा मोडीत गेला. मामा भाताच्या गिरणीत पोती उचलायला जाऊ लागले आणि मामींच्या उखळात दुसरं मुसळ माझं पडू लागलं. कांडताना मामी फक्त मोजायच्या, आज अमक्याचं किती फिटलं.

पुढं थोड्याच दिवसांनी मी नदीवर धुणं धूत होते. मामींच्या लुगड्यावर आमटीचा डाग होता, पिवळा. त्याला साबण लावला आणि तो लाल झाला. ही काही नवलाची गोष्ट नाही. धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईनं ती हजारदा बघितलेली असते, मीही. पण त्या दिवशी मी तो पदर हातात धरून दगडावर बसून राहिले. घरी येऊन हळदीचं एक सूत केलं आणि चुन्याची डबी उघडून बोट लावलं. लाल. मग चुन्याच्या हळदीतलं तांबडं सूत घेतलं आणि ओल्या बॅटरीच्या बुचाला टेकवलं. पिवळं. म्हणजे वाटेत तेजाबानं तांबड्याचा पिवळा केला, आणि मांडवाशी मामांच्या अंगठ्यातल्या चुन्यानं खऱ्या पिवळ्याचा तांबडा केला. तेजाबात भिजलेल्या दोऱ्यावर तेवढा चुना चालला नाही, म्हणून तो तसाच राहिला. मामांनी शंभर वेळा चोळून बघितलं असतं तरी शंभर वेळा उलटंच उत्तर आलं असतं.

मी मामांना दोन्ही सुतं करून दाखवली. ते आपल्या उजव्या अंगठ्याकडं बघत बसले. त्यानंतर त्यांनी तंबाखू खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी उधार पैसे घेऊन ते आधी पासलीला गेले, इसार परत करायला आणि कारण सांगायला. तात्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, कारण ऐकून घेतलं, आणि पैशाला हात लावला नाही. म्हणाले, "त्यो पैसा म्या परत घेतला, तर इझलेलं दिवं माज्या उंबऱ्यात आलं. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

तो इसार मामींनी एका फडक्यात बांधून वेगळा ठेवला. मामांनी घेतलेली उधारी फिटली, बाकीच्यांचे इसार एकेक करून फिटले. हा मात्र घरात तसाच. अडीअडचणीला त्यातला पैसा कुणी घेतला नाही. घरात साप शिरलाय आणि कुठं बसलाय ते ठाऊक आहे, अशा बेतानं आम्ही त्या कोपऱ्याशी वागायचो. पासलीकडून कुणी आलं की मामा आधी चंद्राची खुशाली विचारायचे. एकदा कळलं, तिच्या सासरचा बैल कड्यावरून गेला. एकदा कळलं, गवताची गंज पेटली. ज्यानं सांगितलं तो सांगून झाल्यावर आमच्याकडं बघत राहिला. मग कळलं की चंद्राला दिवस गेलेत, माहेरी आणलीय. मामी म्हणाल्या, बाळंत होऊन सुखरूप सुटू दे, मग मी श्वास घेईन.

भात पोटरीला येऊन कणीस धरत होतं तेव्हा तात्यांचा निरोप आला. निरोप्याला तीनच शब्द ठाऊक होते: पैसे घेऊन या. का, ते सांगितलं नव्हतं. मामांनी त्याला विचारलं, पोरगी बरी हाय ना? तो म्हणाला, मला काय म्हाईत न्हाई, मला बांधावरनंच धाडला. चाचांनी गाडी जुंपली. मीही येते म्हणाले तेव्हा मामी अडवतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फडकं माझ्याच हातात दिलं. वाटभर चाचा बैलांशीसुद्धा बोलले नाहीत.

तात्या गावाबाहेर खाचराच्या बांधावर बसले होते. आम्हाला बघून उठले, पण घराकडं चला म्हणाले नाहीत. फार वाळले होते. मामांनी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. चंद्रीला थंडीताप भरलाय, आठ दिवस उतार न्हाई, पोट सातव्या महिन्यात. वैदू झाला, हिवतापाचं कोयनेल पाजून झालं. मग हात पुढं केला. "द्या."

 जे पैसे परत घ्यावेत म्हणून मामा मागं एकदा याच माणसाच्या पाया पडले होते, ते आता त्यांना देववेनात. "तात्या, असू द्या," ते म्हणाले. "पोर बरी झाल्याव देतो."

"पोर बरी व्हावी म्हनूनच घेतो," तात्या म्हणाले. "त्यो अपशकुन अजून कुनी पदरात घेतला न्हाई, म्हनून तिच्याभवती फिरतुया. ज्यानं इसार दिला त्यानं घ्यायाचा. माजं वय झालंय, पडला तर माज्यावर पडू दे."

तेव्हा मी बोलले. आयुष्यात परक्या पुरुषमाणसापुढं मी आपणहून बोलले ती पहिली वेळ. म्हणाले, "तात्या, अपशकुन न्हवं त्यो. हळदीला चुना लागला की ती लाल होती. दुसरं काय बी न्हवतं."

ते माझ्याकडं वळले. रागावले नाहीत. "ठाऊक हाय, बाळ. माज्या बी घरात हळद हाय, चुना हाय. मांडवात दोनशे बाया हुत्या, समद्यांस्नी ठाऊक. पन त्या वक्ताला एकीला बी आठवलं न्हाई. त्यालाच म्या अपशकुन म्हंतो."

 

तात्यांनी खांद्यावरचं उपरणं बांधावर अंथरलं, घराकडं पाठ करून. मी फडक्याची गाठ सोडली. मामा खाली बसले आणि एकेक नाणं उपरण्यावर ठेवू लागले. ती एकावर एक राहत नव्हती. तात्याच ती सारखी करत होते. मामांनी शेवटचं नाणं ठेवलं आणि म्हणाले, पुरं झालं. तात्यांनी पुन्हा एकदा स्वतः मोजलं, उपरण्याच्या चारी टोकांची गाठ मारली, आणि ती कमरेला खोचून आमच्या देखत एकटेच बांधानं घराकडं गेले.